बिगुलाविना बेचाळीस दिवस



शाळेत आपला दिवस बिगुल ठरवतो. पहाटेची पीटी, वर्ग, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, दिवे मालवणे, सारे आखलेले असते. घरी बिगुल नसतो. पहिले चार दिवस झोप काढण्यात जातात, पुढचे मोबाइल पाहण्यात, आणि बघता बघता ट्रंक भरायची वेळ येते. आपली शिस्त आपली की बिगुलाची, याची परीक्षा सुट्टीतच होते.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. अठरा अध्याय पुरे झाले आणि मराठीला ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मिळाला. या थोरांना सक्तीचा रिकामा वेळ मिळाला होता. ग्रंथ, लेखणी आणि नेम यांच्या बळावर त्यांनी तो सार्थकी लावला. आपली सुट्टी तर घरच्या अंगणातली आहे!

मग आरंभ कशाने करावा? समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ घ्या. एकूण श्लोक २०५. रोज पाच घेतले तर ४१ दिवसांत पुरे होतात. सहा आठवड्यांच्या सुट्टीत एक दिवस उरतो, तो सर्व श्लोक सलग म्हणण्यासाठी ठेवा. रोज आधी मोठ्याने वाचा, मग अर्थ समजून घ्या. अडलेला शब्द आजी-आजोबांना विचारा. शेवटी आपल्या शब्दांत तीन ओळी वहीत लिहा. अर्ध्या तासाचे काम आहे. नुसते पाठांतर शाळा उघडली की विसरते. स्वतः लिहिलेले सहसा विसरत नाही.

आता निर्मितीकडे वळू. हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे असतात आणि त्यांची चाल अशी: लगागा लगागा लगागा लगागा. ‘ल’ म्हणजे लघू, ‘गा’ म्हणजे गुरू. ही चाल कदमतालासारखी आहे; एकदा कानात बसली की चुकलेले पाऊल लगेच कळते. ‘सुटीला घरी मी निघालो सकाळी’ ही ओळ मोजून पाहा, बरोबर बसते. आता पुढच्या तीन ओळी तुम्ही रचा. कविता जमत नसेल तर गावातल्या देवळाचे रेखाचित्र काढा, किंवा आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून उतरवून ठेवा. मराठी मुलखापासून दूर वाढणाऱ्या मुलांसाठी तर हे अधिक गरजेचे आहे. घरात बोलली जाणारी मराठी लिहिली-वाचली नाही, तर पुढच्या पिढीत ती स्वयंपाकघरापुरतीच उरते.

आपल्या बराकीत अनेक धर्मांची मुले आहेत. ज्याने त्याने आपल्या घरचा ग्रंथ घ्यावा: कोणी गुरबाणी, कोणी कुराण, कोणी बायबल, कोणी धम्मपद. सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री धर्मशिक्षक म्हणून नेमलेले असतात, आणि अनेक पलटणींत सर्वधर्मस्थळ एकाच छताखाली असते. उद्या अधिकारी झालात तर जवानांचे सण तेच तुमचे सण. ज्याने आपला ग्रंथ समजून वाचला आहे, त्याला दुसऱ्याच्या ग्रंथापुढे मस्तक लववणे जड जात नाही. म्हणून परतल्यावर शेजारच्या खाटेवरील मित्राला त्याने काय वाचले ते जरूर विचारा.

पालकांना एकच विनंती. मुलाला उठवायला बिगूल होऊ नका. पहिल्या दिवशी वेळ त्यालाच ठरवू द्या, आणि अधूनमधून त्याच्याजवळ बसून ऐका. शिक्षकांनी सुट्टीनंतर त्या वह्या गुण न देता वाचाव्यात.

छात्रांनो, आजच कॅलेंडरवर ४२ चौकोन आखा. रोजचा नेम झाला की एकावर खूण करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहा श्लोक घ्या, पण नेम सोडू नका.