गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या

बाय, डिंकाचे लाडू झाले, आळीव निवडून झाले, बाळंतशेपेची पुरचुंडीही बांधलीस. प्रवासाच्या विमा-पॉलिसीचं विचारलं तर म्हणतेस, "मुंबयच्या झिलान काढल्यान." किती डॉलरची, ते ठाऊक नाही. कुठल्या कंपनीची, तेही नाही. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत राहणार आणि कागद एकदाही डोळ्यांखालून घातला नाहीस. बस इथे.

आधी बघ, त्यावर अमेरिकेचं नाव आहे का. या पॉलिसीत दोन जाती असतात, एक अमेरिका-कॅनडा धरून आणि एक त्यांना वगळून. वगळलेली स्वस्त पडते, म्हणून पोरं घाईत तीच दाबतात. आपल्या खारेपाटणात सापडलेला अनंतदेव शिलाहाराचा शके १०१६ चा ताम्रपट आहे ना, त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याच्या भावाला जकात माफ केली आहे. नुसती 'माफ' म्हणून सोडलेली नाही; ठाणं, सोपारा, चौल अशी बंदरं नावानिशी कोरली आहेत. नऊशे वर्षांपूर्वीचे व्यापारी बंदराचं नाव तांब्यावर कोरून घेत होते, तू देशाचं नाव छापलेल्या कागदावर तरी वाच.

आता गोळ्या. तुझी रक्तदाबाची सकाळची, थायरॉइडची उपाशीपोटीची. फॉर्म झिलाने भरला, म्हणजे 'पूर्वीचा आजार' या रकान्यात 'नाही' गेलं असणार. आईच्या गोळ्या पोरांना कुठे माहीत असतात?

माझं मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. अमेरिकेला पहिल्यांदा गेले तेव्हा विम्याचा एजंट म्हणाला, "कशाला लिहिता, हप्ता वाढेल." मीही म्हटलं, माका काय्येक होणा नाय. तिथे दुसऱ्या महिन्यात घेरी आली. इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी सगळं सांगितलं, अगदी किती वर्षं घेते तेही. डॉक्टरपुढे कोण खोटं बोलतं? त्याने ते लिहून ठेवलं, कंपनीने तोच कागद मागवला आणि दावा फेटाळला. बिल जावयाने भरलं. तो एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

लिहिलंस म्हणजे सगळं मिळेल असंही नाही हां. जुन्या आजाराचा खर्च पुष्कळ पॉलिसी फक्त जीवावर बेतलं तरच देतात, तोही ठरावीक रकमेपर्यंत. नेहमीची तपासणी, चष्मा, दातांची दुरुस्ती बहुधा नाहीच. साठीनंतर खोलीचं भाडं, शस्त्रक्रिया यांनाही पुष्कळदा वेगळी मर्यादा असते. ते बारीक अक्षरातलं पान झिलाकडून मोठ्याने वाचून घे. आणि प्रत्येक दाव्यात सुरुवातीचे काही डॉलर आपल्या खिशातून जातात, त्यावर मागाहून भांडू नकोस.

रक्कम किती, तर युरोपचा शेंगेन व्हिसा किमान ३०,००० युरोची पॉलिसी असल्याशिवाय देत नाहीत. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा पॉलिसी मागतच नाही, आणि इस्पितळाचं बिल मात्र तिथेच सगळ्यात महाग. माझ्या मते लाखभर डॉलरच्या खाली जाऊ नये.

 

कंपनीचा मदतीचा नंबर कागदावर लिहून कुंकवाच्या डबीबरोबर पर्समध्ये ठेव. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. दाखल व्हायची वेळ आली तर लेकीने आधी किंवा लगेच तिथे फोन करायचा, मग इस्पितळाचं बिल परस्पर भरलं जाण्याची शक्यता असते. साधा ताप-खोकला असेल तर इमर्जन्सीत धावू नका. तिथे 'अर्जंट केअर' म्हणून दवाखाने असतात, ते बरेच स्वस्त पडतात. बिल, औषधाची चिठ्ठी, बोर्डिंग पास, सगळं एका पिशवीत.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच एअरलाइनच्या काउंटरवरून तक्रारीचा कागद घे. त्याच्याशिवाय दावा उभा राहत नाही. गोळ्या मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चिठ्ठीसकट. हरवलेल्या बॅगेतल्या तिरफळांची भरपाई कुणी देत नाही.

बाळ तारीख विचारून येत नाही. मुक्काम वाढला तर पॉलिसी संपायच्या आधी वाढवून घे, संपल्यावर कोण ऐकत नाही.

दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

तर आज रात्री झिलाला फोन लाव. प्रवास सुरू व्हायच्या आधी सांगितलं तर फॉर्म दुरुस्त होतो, नाहीतर रद्द करून नवीन काढता येते. उद्या दुपारी चष्मा घेऊन माझ्याकडे ये. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकल्या नसशील तर त्याही आण, स्पेलिंग त्यांच्यावरून उतरवून घेऊ.