पगाराआधी वेळेचं विचार

सायली,

फार्मसी घ्यावी की बी.एड. करावं, हे तू ठरवते आहेस आणि 'मुलीला घर सांभाळून झेपेल तेच बघ' असं सगळे सांगताहेत. हा सल्ला प्रेमाचा असला तरी त्याच्या मुळाशी असलेली समजूत तपासून घे. बायका कमी पगाराची क्षेत्रं निवडतात म्हणून कमी कमावतात, हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या सुमारे दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळून क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं, की आज स्त्रीपुरुषांच्या कमाईतल्या तफावतीचा मोठा भाग एकाच व्यवसायातल्या स्त्रीपुरुषांमधला आहे आणि तो मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर निर्माण होतो. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच विषयातल्या कामासाठी मिळालं. मोठ्या वकिली किंवा वित्तीय कंपन्यांत रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला तासागणिकही जास्त पैसे मिळतात. तिथे आई झालेली बाई मागे पडते. अमेरिकेतल्या औषधविक्रीत मात्र स्वतंत्र दुकानांची जागा साखळी दुकानांनी आणि रुग्णालयांनी घेतली, रुग्णांच्या नोंदी संगणकावर आल्या, एकीचं काम दुसरी सहज पुढे नेऊ लागली, आणि कमी तास काम करणारीचा तासाचा दर फारसा घटेना. आपल्याकडची बहुतेक दुकानं तशी नाहीत, म्हणून पदवीच्या नावावर विसंबू नकोस. काम कसं वाटलं जातं ते बघ.

कुणी म्हणेल, घराला वेळ देणं ही बाईचीच निवड आहे. पण 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं गेलेली दिसतात, पुरुषांची 97. शिवाय बहुसंख्य पुरुष त्या कामाला हातच लावत नाहीत. दुसरा पर्यायच समोर नसेल तर त्याला निवड म्हणणं मला पटत नाही. 'जास्त राबेल त्याला जास्त मिळेल' हा आक्षेपही पुरा टिकत नाही. बाळंतपणासाठी बाईला घेऊन अपरात्री दवाखाना गाठणाऱ्या आशाताईंना कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका' मानतात आणि पगाराऐवजी मोबदला देतात. समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये झाला, तरी चिखलात दिवसभर वाकून भात लावणारीची मजुरी आजही गड्यापेक्षा कमीच असते.

तेव्हा नोकरी बघताना पगारासोबत पाळ्या कशा लागतात, रजेवरून परतणारीला तीच जागा मिळते का, पाळणाघर आहे का, हे विचार. लग्नाचं बोलणं निघालं तर मूल आजारी पडल्यावर रजा कोण घेणार, हेही तितक्याच स्पष्टपणे विचार. हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. तुझ्या पुढच्या तीस वर्षांच्या कमाईचा हिशेब त्यांवर अवलंबून आहे.

तुझी आत्या