दुकानाच्या संगणकाची प्रारंभ-योजना

दुकान उघडताच आपण काटा तपासतो, रोकड मोजतो आणि मगच पहिले माप घालतो. हीच शिस्त संगणकासही लागू आहे. सकाळी तो सुरू होताना कोणती वही उघडावी, हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते. यालाच प्रारंभ-योजना म्हणावे.

आमच्या इचोड्याच्या पेढीवर 'टॅली'त हिशेब ठेवला जातो. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी १९८६ साली आरंभिलेल्या उद्योगातून ही प्रणाली निर्माण झाली. पेढीवरील मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, सर्व वह्या सांभाळतो. गोदामातील संगणक त्याच वह्यांत नोंदी करतो.

एका वर्षी आम्ही एप्रिलच्या आरंभी जुनी वही बंद करून नवी घातली. मुख्य संगणकावर नवी वही उघडण्याची योजना केली आणि निश्चिंत झालो. परंतु ही योजना प्रत्येक संगणकाची स्वतंत्र असते. गोदामात जुनीच वही उघडत राहिली आणि आठ दिवसांची ज्वारीची खरेदी तीत चढली. एक वृद्ध शेतकरी उरलेली रक्कम मागण्यास आले, तेव्हा चिरंजीवांनी नवी वही पाहून "आपल्या नावे काही येणे नाही" असे सांगितले. ते निमूटपणे परत गेले. गोदामातील पोती वहीपेक्षा अधिक भरली, तेव्हा चूक कळली. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन रक्कम दिली व क्षमा मागितली. पैसा परत देता आला. पण त्यांच्या मनात आलेला संशय कसा परत घ्यावा?

यास्तव तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. 'टॅली प्राइम'मध्ये एफ-१ कळ दाबून 'सेटिंग्ज' व त्यातील 'स्टार्टअप' येथे जावे. आरंभी उघडावयाची वही तेथे नेमावी. हे प्रत्येक संगणकावर करावे.

२. मुख्य संगणकावरील 'टॅली गेटवे सर्व्हर' ही सेवा विंडोजच्या सेवा-यादीत 'ऑटोमॅटिक' ठेवावी, म्हणजे वीज जाऊन आली तरी ती आपोआप सुरू होते. परवाना न सापडल्यास टॅली शिक्षणापुरती चालते आणि मोजक्याच तारखांच्या नोंदी घेते.

३. योजना बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. बदल तारखेसह वहीत लिहावा.

मोठ्या संस्थांत शेकडो संगणकांची योजना एकच सर्व्हर राखतो. ल्यूक कॅनिस यांनी २००५ साली आणलेल्या 'पपेट' प्रणालीत प्रत्येक संगणक, वेगळे ठरवले नसल्यास, दर अर्ध्या तासाने मुख्य सर्व्हरला आपली योजना विचारतो. तोच सर्व्हर वीज आल्यावर सुरू झाला नाही, तर विचारणारे विचारीतच राहतात. आपल्या चार संगणकांच्या पेढीस एवढा व्याप नको. भिंतीवर तक्ता लावून महिन्यातून एकदा पडताळा घेतला तरी पुरे.

दिवाळीस वहीपूजन करताना आपण पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहितो. संगणकाचेही पहिले पान असते. ते डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच तपासावे, एवढीच बंधुजनांस विनंती.