प्रवासाचे ओझे आणि प्रवासाची शिदोरी

मैसूरच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर टी. नरसीपूर हे तालुक्याचे गाव आहे. त्याचे पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर. कानडीत 'कूडलु' म्हणजे संगम. कोडगूच्या डोंगरातून येणारी कावेरी आणि वायनाडच्या पावसावर पोसलेली कबिनी, जिला तेथील लोक कपिला म्हणतात, या दोन नद्या येथे एकत्र होतात. जुलै महिन्यात आपण या घाटावर उभे राहाल तर डोक्यावर नुसते ढग, क्वचित भुरभुर, आणि पायाशी मात्र दुथडी भरलेले गढूळ पाणी, असे दृश्य दिसेल. पाऊस पडला दूरच्या डोंगरावर, पाणी आले येथे. थोड्या अंतरात हवामान किती पालटते, याचा इतका सोपा धडा क्वचितच पाहावयास मिळतो.

आपल्यापैकी पुष्कळांना असा दीर्घ प्रवास करावा लागतो. कोणी परिचारिका म्हणून नव्या ठिकाणी रुजू होते, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने जाऊन राहते, कोणाला नोकरीपायी आज पठारावर तर उद्या समुद्रकाठी राहावे लागते. अशा वेळी बरोबर काय घ्यावे, आणि त्याहून कठीण म्हणजे काय ठेवून जावे, याचा विचार या पाठात करू.

प्रथम याच भूमीवरची एक हकिकत. २७ मार्च १७९९ रोजी मळवळ्ळीची लढाई झाल्यावर इंग्रज सेनापती हॅरिस याने सरळ वाटेने श्रीरंगपट्टणकडे न जाता नरसीपूरजवळच्या सोसले येथील उतारावरून कावेरी ओलांडली. कारण होते वैरण. उत्तरेकडच्या वाटेवरील चारा टिपूने नष्ट करविला होता, आणि सैन्याचे सामान ओढणारे हजारो बैल उपाशी मरू लागले होते. म्हणजे सैन्याने कोठून जावे हे शेवटी बैलांच्या पोटाने ठरविले! ओझे जड झाले की वाटही तेच निवडू लागते.

याच्या आठ वर्षे आधी कॉर्नवॉलिसची अवस्था याहून वाईट झाली होती. मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला, पण पावसाने त्याला गाठले, बैल मेले, धान्य संपले. शेवटी कन्नंबाडीजवळ आपल्याच अवजड तोफा निकामी करून त्याला माघारी वळावे लागले. पुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला भेटल्या, आणि त्यांच्या छावणीतील बाजारात त्या उपाशी सैन्याला धान्य मिळाले. बाजारबुणग्यांना नावे ठेवण्याची आपल्याला सवय आहे, परंतु त्या दिवशी त्या बाजारानेच प्राण वाचविले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हा सामान वाईट असे नव्हे. कोणते सामान कोणत्या ऋतूत, आणि ते वाहणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच धनगर बांधवांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. पावसाळा सरला की देशावरील कोरड्या भागातील धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. अनेक महिन्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर मावतो. त्यांची घोंगडी पाहा. थंडीत ती पांघरूण, रात्री अंथरूण, उन्हात सावली, आणि पावसात डोक्यावरून घेतलेली खोळ. लोकर ओली झाली तरी बऱ्याच अंशी ऊब धरून ठेवते, सुती कापड मात्र भिजले की अंगातली ऊब काढून घेते. एका वस्तूकडून चार कामे करून घेणे, हेच हलक्या प्रवासाचे मूळ सूत्र होय. कर्नाटकातील कुरुब समाजाची कंबळी हीसुद्धा याच जातीची.

आता आपण नरसीपूरला जात आहोत असे समजू. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे, त्यामुळे हवा सौम्य. येथे महाराष्ट्रीय माणसाची एक चूक हमखास होते. दसऱ्याला आपला पाऊस संपतो, म्हणून छत्री घरी राहते. परंतु मैसूरच्या परिसरात मे महिन्यात वळवाचा जोर असतो आणि ऑक्टोबर हा तर वर्षातील अधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. दुसरी चूक अंतरावरून थंडीचा अंदाज करण्याची. मैसूरहून उदकमंडल सव्वाशे किलोमीटर, पण उंची सुमारे २२४० मीटर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे नरसीपूरहून तेथे गेल्यावर दहा अंशांचा फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत तेथे पहाटे गवतावर हिमकण दिसतात. उलट पश्चिमेकडे घाट उतरून कोळिकोडला जा, तर अंगावरचा सदरा घामाने भिजतो आणि चामड्याच्या चपलांना बुरशी येते.

तीन हवामानांसाठी तीन पेट्या भराव्यात काय? मुळीच नाही. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर अधिक उबदार असतात, कारण थरांमध्ये हवा अडकून राहते. ऊन वाढले की एकेक थर उतरविता येतो. तीन जोड पुरेत : एक अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत. मात्र कापड रात्रीत वाळणारे हवे. जाड जीन आणि तितकाच जाड टॉवेल दमट हवेत दोन दिवस ओले राहतात. आपला साधा पंचा त्यांच्या वरचढ आहे. एक लोकरीची शाल, एक छत्री, पायात एक मजबूत जोडी आणि एक साधी चप्पल. बादली, चटई, जादा पांघरूण या वस्तू कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि निघताना तेथेच कोणा गरजूला देता येतात.

या ओळी लिहिणाऱ्याने हे सारे चुकूनच शिकले. मैसूरच्या गाडीत लोणच्याची बरणी फुटली आणि तेल चादरीतून थेट कागदपत्रांपर्यंत गेले. ज्वारीच्या पिठाचा डबाही होताच. पुढे नाचणीचे मुद्दे आवडू लागले आणि पीठ किड्यांनी खाल्ले.

जादा घेतलेल्या बहुतेक वस्तूंच्या मागे एक भीती असते, असे पुढे ध्यानात आले. नव्या गावात आपले कोणी नसेल, भाषा कळणार नाही, मागितले तर कोणी देणार नाही, ही ती भीती. पवित्र शास्त्रात शौलाला राजा म्हणून शोधू लागले तेव्हा तो सामानामागे लपलेला सापडला (१ शमुवेल १०). आपणही पुष्कळदा तेथेच लपतो.

याच संदर्भात एक प्रश्न विचारला जातो. प्रभूने शिष्यांना पाठविताना झोळी, भाकर, दुसरा अंगरखा काहीच घेऊ दिले नाही (मार्क ६). मग आपण एवढा हिशेब का करावा? परंतु ती गालीलातील गावोगावची फेरी होती, आणि घरोघरी पाहुणचार होता. पुढे त्याच प्रभूने पिशवी आणि झोळी घ्यावयास सांगितले (लूक २२). प्रसंग बदलला तशी आज्ञा बदलली. पौलाने तर आयुष्यभर प्रवास केला. शेवटच्या बंदिवासात तो तीमथ्याला कळवितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रेही आण, आणि होईल तितके कर पण हिवाळ्यापूर्वी ये (२ तीमथ्य ४). मरण समोर दिसत असलेल्या माणसाने थंडीची आठवण ठेवावी आणि निःसंकोच मागावे, हे वाचून मन हेलावते. त्याने झगा मागे ठेवला तो कोठेतरी टाकला नाही, ज्याच्या घरी ठेवला त्याचे नाव त्याला ठाऊक होते. आपणही मागे ठेवलेल्या लोकरी कपड्यांची पेटी अशाच भरवशाच्या घरी ठेवावी, आणि तिच्यात काय आहे याची यादी जवळ बाळगावी.

दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. नित्याची औषधे महिनाभर पुरतील इतकी घ्यावी, आणि ती मोठ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण कंपनीचे नाव दुसऱ्या गावी निराळे असू शकते. चष्म्याचा नंबर आणि एक जादा चष्मा हवाच. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांनी याबाबत कोणाच्याही सल्ल्याने वजन कमी करू नये.

निघण्याच्या आठ दिवस आधी सर्व सामान भरावे, पिशवी खांद्यावर घ्यावी आणि उन्हात अर्धा तास चालून यावे. घरी परतल्यावर पिशवी उघडून खाली ठेवावी आणि ज्या वस्तूचा वाटेत राग आला ती प्रथम बाहेर काढावी. मग घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणास ती पिशवी उचलून पाहावयास सांगावे. गाडी फलाटावर दोन मिनिटे थांबते, आणि हमाल प्रत्येक स्थानकावर मिळतोच असे नाही.