वर्षभराचा हिशेब सीएंकडे कसा द्यावा?

प्रश्न : मी जालन्यात घरूनच स्वतंत्रपणे वेबसाइट बनवतो. काही ग्राहक परदेशातले आहेत. सीएंना कोणती कागदपत्रे द्यावीत?

उत्तर : आधी कामाचे बँक खाते वेगळे करा. १ एप्रिल ते ३१ मार्चची बिले क्रमांकवार लावा. प्रत्येक बिलापुढे रक्कम जमा झाल्याची तारीख आणि कापलेला टीडीएस लिहा. तो आयकर पोर्टलवरील एआयएसशी (वार्षिक माहिती विवरणपत्राशी) ताडून पाहा. परदेशातून आलेल्या रकमेचा बँकेचा दाखला जोडा. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट, लॅपटॉप यांच्या पावत्या महिनावार ठेवा. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याआधीच सीएंशी बोला. मार्चअखेरची वाट पाहू नका, नोंदी दरमहा करा.