स्नेहसंमेलनातील कलावंतांचा मेहनताना



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. नाट्यप्रवेश, पोवाडा, भारूड, लेझीम आणि अलीकडे संगीतिका असा कार्यक्रम ठरतो. त्याबरोबर खर्चाचे अंदाजपत्रकही तयार होते. अशी अंदाजपत्रके पाहण्याचा योग आमच्या कामामुळे वारंवार येतो. त्यात मंडपवाल्याचा आकडा असतो, ध्वनिक्षेपकवाल्याचा असतो, पाहुण्यांच्या हारांचाही असतो. परंतु आठपंधरा दिवस मुलांकडून चाली घटवून घेणारा पेटीवादक, ढोलकीची साथ करणारा, मुलांचे चेहरे रंगविणारा आणि गावचा इतिहास पोवाड्यात बांधून देणारा शाहीर यांच्या नावापुढे बहुधा नुसती रेघ असते, अथवा ‘शाल व श्रीफळ’ एवढे दोनच शब्द असतात. प्रस्तुत लेखात या रेघेचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. गवयाला द्यावयाच्या रकमेस आपल्याकडे ‘बिदागी’ हा जुना शब्द आहे. कार्यालयीन भाषेत आपण ‘मानधन’ म्हणतो. शब्द चांगला आहे, तथापि त्यात एक गैरसोय आहे. त्यातील ‘मान’ दिला म्हणजे ‘धन’ दिले नाही तरी चालते, अशी समजूत करून घेण्यास तो वाव देतो. यास्तव शाळेच्या हिशेबापुरता ‘मेहनताना’ हा साधा शब्द आम्हांस अधिक बरा वाटतो, कारण त्यात मेहनतीचा उल्लेख आहे, आणि मेहनत मोजता येते. शाल जरूर पांघरावी. पण शाल हा सत्कार आहे. तिने बुडालेला रोज भरून निघत नाही.

कलेचा मोबदला मागणे हे हलकेपणाचे आहे अशी एक भावना आपल्या समाजात आढळते. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या नाटक मंडळ्या म्हणजे नटांचे, साथीदारांचे व कारागिरांचे मोठे संसारच होते. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्या जोडीने टेंबे हे तिचे एक भागीदार होते. चाल देणारा मनुष्य मालकीतही वाटेकरी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच मंडळीत तबल्यासाठी अहमदजान थिरकवा व सारंगीसाठी कादरबक्ष असे नामांकित वादक नेमलेले होते. साथीदार फुकट मिळतो ही कल्पना त्या मंडळींना सुचलीही नसती.

ग्रामीण भागालाही हा व्यवहार अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. आपापल्या गावच्या जत्रेसाठी पंचमंडळी तेथे जातात, तारीख ठरवितात, रक्कम ठरवितात, विसार देतात आणि करार करून परततात. यालाच सुपारी देणे म्हणतात. जत्रेसाठी इतका चोख व्यवहार करणारे गाव शाळेच्या कार्यक्रमासाठी मात्र भजनी मंडळातील पेटीवाल्यास वाटेत गाठून “येऊन जा जरा संध्याकाळी” एवढ्यावर भागविते. रक्कम किती, दिवस किती, जाण्यायेण्याचे कसे, यांपैकी काहीच बोलणे होत नाही. तोही भिडेस्तव विचारीत नाही. कारण त्याचा मुलगा किंवा पुतण्या त्याच शाळेत असतो.

याहून अवघड गोष्ट हलगीची आहे. बलुतेदारीच्या काळात गावच्या सणासमारंभात वाद्ये वाजविण्याचे काम जातीने नेमलेले असे, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने, बराचसा देणाऱ्याच्या मर्जीनुसार मिळे. बलुते गेले, परंतु ‘वाजविणे हे त्यांचे कामच आहे’ ही समजूत काही ठिकाणी शिल्लक राहिली आहे. तालुक्याच्या गावाहून आलेल्या नृत्यशिक्षकास पाकीट व गावातल्या हलगीवाल्यास जेवण, असा भेद जेथे होतो तेथे मुले तो पाहत असतात. त्याच वर्गात त्या हलगीवाल्याचीही मुले बसलेली असतात. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे. संमेलनातील प्रत्येक गैरसोयीस वेठ म्हणावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु ज्या माणसाला नकार देण्याची सोय गावाने ठेवलेली नाही त्याच्याकडून फुकट काम घेणे आणि वेठ यांत अंतर फार थोडे उरते.

एका शाळेत असे घडले. लेझीमच्या तालमी व प्रत्यक्ष कार्यक्रम यांसाठी एका वादकाने आपल्या मजुरीचे दिवस मोडले आणि अखेरीस त्याच्या हाती नारळ आला. पुढील वर्षी त्यास बोलावणे गेले तेव्हा तो कांदा लावणीच्या रोजावर निघाला होता. त्याने हात जोडून नकार दिला. त्या वर्षी लेझीम ध्वनिमुद्रित ठेक्यावर झाले. मुलांची पावले चुकली तरी मुद्रित ठेका पुढे जातच राहतो. हलगीवाला मात्र मुलांच्या पायांकडे पाहून लय आवरतो, चुकलेल्यांना सावरून घेतो. मेहनताना कशाचा द्यावयाचा याचे उत्तर येथे आहे. ते नुसते वाजविणे नसते, शिकविणेही असते.

आता रक्कम कशी ठरवावी ते पाहू. येथे बहुतेक शाळा ‘पाचशे एक देऊन टाकू’ असे म्हणून मोकळ्या होतात. त्याऐवजी वेळ मोजावा. समजा, पेटीवादक आठ संध्याकाळी दोन दोन तास येतो. हे १६ तास झाले, म्हणजे आठ तासांचे दोन दिवस. रंगीत तालमीचा अर्धा दिवस आणि कार्यक्रमाचा पूर्ण दिवस मिळून एकूण साडेतीन दिवस होतात. ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी अकुशल मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आला होता. त्या दराने साडेतीन दिवसांचे १,०९२ रुपये होतात. म्हणजे पाचशे एक रुपयांत आपण वादकास माती उपसण्याच्या दराच्या निम्म्याहूनही कमी देतो. पेटी वाजविणे हे कसबाचे काम आहे. ते कमावण्यास वर्षे लागतात. म्हणून गावातील गवंड्याचा त्या वेळचा रोज हे माप धरावे, असे आमचे मत आहे. तो रोज ८०० रुपये असेल तर मेहनताना २,८०० रुपये होईल, आणि एस. टी. चे भाडे वेगळे द्यावे लागेल. वाद्य त्याचे स्वतःचे असल्यास त्याच्या दुरुस्तीचाही विचार व्हावा. पोवाडा किंवा संगीतिका लिहून देणाऱ्याचे तास असे मोजता येत नाहीत. तेथे आधी बसून एकरकमी आकडा ठरविणे हाच मार्ग आहे.

दर आधी लिहून ठेवण्याची पद्धत इतरत्रही आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांत वर्षातून एकदा मोठे संगीत नाटक बसविण्याची प्रथा आहे. तेथे अनेक ठिकाणी दिग्दर्शन करणारा, गायन बसविणारा, नृत्य बसविणारा, वाद्यवृंद सांभाळणारा अशा प्रत्येकास किती जादा रक्कम द्यावयाची ते शाळामंडळ व शिक्षक संघटना यांच्यातील करारात तक्त्याच्या रूपाने नमूद असते. तासांच्या मानाने ही रक्कम अपुरी पडते अशी तक्रार तेथेही असतेच. परंतु आकडा लिहिलेला असल्यामुळे निदान तक्रार करता येते. आपल्याकडे आकडाच नसल्याने तक्रारीस जागा राहत नाही, आणि त्यालाच आपण समाधान समजतो.

पैसा कोठून आणावा हा प्रश्न कोणीही शिक्षक विचारील, आणि तो रास्त आहे. मुलांकडून सक्तीची वर्गणी घेऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस दिलेल्या मोफत शिक्षणाच्या हमीशी ती विसंगत आहे, आणि ज्या घरी वीस रुपयेही जड आहेत तेथील मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. शाळेस मिळणाऱ्या शासकीय अनुदानातून ही रक्कम परस्पर भागविण्याचा मोहही टाळावा. त्या अनुदानाच्या बाबी ठरलेल्या असतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय ठेवून स्वेच्छेचा लोकसहभाग मिळवावा. माजी विद्यार्थी, जत्रा समिती, ग्रामस्थ यांना ‘संमेलनास मदत करा’ असे मोघम न सांगता ‘ढोलकीवाल्याचे साडेतीन दिवस आपण घ्या’ असे नेमके सांगितल्यास लोक देतात, असा अनुभव आहे. तरीही पैसे कमी पडले तर मंडप लहान करावा, हार कमी करावेत. डिसेंबरच्या सकाळी पटांगणातील झाडाखाली झालेला कार्यक्रम मुलांना कमी आवडत नाही.

शाळेतील शिक्षकच गाणे बसवीत असतील तर ते शालेय कामाचाच भाग आहे. त्याबद्दल निराळा मेहनताना मागणे योग्य नाही. मात्र मुकुटाचा पुठ्ठा, रंग, जरीची पट्टी यांचा खर्च बाईंनी किंवा गुरुजींनी मुकाट्याने आपल्या खिशातून करावा हेही योग्य नाही. हा खर्च अंदाजपत्रकात आलाच पाहिजे.

लेखकाविषयी थोडे निराळे सांगावयाचे आहे. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यानुसार शाळेतील शिक्षक व विद्यार्थी यांनी शालेय उपक्रम म्हणून, केवळ शाळेशी संबंधित मंडळी व पालक यांच्यासमोर केलेल्या नाट्यप्रयोगास सवलत आहे. तिकिटे लावून केलेला प्रयोग या सवलतीत बसतो असे धरून चालू नये. तीच गोष्ट कार्यक्रमाचे चित्रीकरण करून ते सर्वांसाठी खुले करण्याची. लेखक हयात असेतो व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा अधिकार राहतो. गावच्या शाहिराने शाळेसाठी लिहिलेल्या पोवाड्यासही हेच लागू आहे. त्याने लेखी दिले नसेल तर पोवाडा त्याचाच राहतो. पुढील वर्षी तो पुन्हा म्हणावयाचा असल्यास त्यास विचारावे, आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव मुद्दाम छापावे. अध्यक्षांचे नाव आपण छापायला विसरत नाही.

कोणी आपखुशीने, विशेषतः शाळेचा माजी विद्यार्थी, काही न घेता येऊ इच्छील तर त्याचे स्वागत करावे. मात्र त्यास आधी रक्कम सांगावी आणि नंतर त्याने ती नाकारावी, असा क्रम असावा. रक्कम न सांगताच ‘सेवा’ गृहीत धरणे निराळे.

पावतीचा नमुना खाली दिला आहे. तालमी सुरू होण्यापूर्वी यातील दिवस व रक्कम हे रकाने भरून एक प्रत कलावंताजवळ द्यावी, आणि कार्यक्रमाच्या दिवशीच, पाहुणे जाण्याची वाट न पाहता, रक्कम देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्यावी. सही येत नसल्यास अंगठा व दोन साक्षीदार घ्यावेत.

“मौजे ........ येथील शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी ........ (काम) केले. तालमीचे दिवस ........, कार्यक्रमाचा दिवस ......... दररोजचा ठरलेला दर रुपये ........ प्रमाणे एकूण रुपये ........ व प्रवासखर्च रुपये ........ मला रोख मिळाले. दिनांक ......... सही ........”

ही पावती संमेलनाच्या हिशेबास जोडून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत वाचून दाखवावी.