लायसन्सचे तीन महिने, कर्जाचे नव्वद दिवस

मालट्रकसाठी कर्ज देताना नोंदणीपुस्तक, परमिट, विमा आणि बँकेच्या बोजाची नोंद बारकाईने तपासली जाते. परंतु मालक स्वतःच चालक असेल, तर कर्जफेडीचा खरा आधार आणखी एका कागदावर असतो. तो कागद म्हणजे त्याचे लायसन्स.

नियमभंगाचे दंडगुण मोजून लायसन्स निलंबित करण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत 12 गुण जमल्यास सामान्यतः किमान सहा महिने वाहन चालविण्यास मनाई होते. आपल्याकडे तेलंगण राज्याने ऑगस्ट 2017 मध्ये 24 महिन्यांत 12 गुण झाल्यास एक वर्ष निलंबन, असा नियम लागू केला होता.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 19 मध्ये मात्र गुणांची बेरीज नाही. तेथे अपराधाचे स्वरूप पाहिले जाते. मर्यादेबाहेर माल भरणे, मालवाहनातून माणसे नेणे, अतिवेग, मद्यपान ही अपात्रतेची कारणे ठरू शकतात. 2019 च्या दुरुस्तीनुसार अतिवेग, धोकादायक चालन, मद्यपान यांसारख्या अपराधांत पोलिसांनी लायसन्स पुढे पाठविल्यास पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि पुन्हा अपराध घडल्यास लायसन्स रद्द, असा आदेश होऊ शकतो.

येथे एक बाब सहसा लक्षात येत नाही. ट्रक आणि मोटारसायकल यांसाठी चालकाचे लायसन्स एकच असते. हेल्मेटविना दुचाकी चालविल्यास 1,000 रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांच्या अपात्रतेचीही तरतूद आहे. म्हणजे गावातल्या दुचाकीच्या फेरीमुळे ट्रकची मिळकत थांबू शकते.

आता बँकेचा हिशेब पाहू. हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते. निलंबनाचे तीन महिने आणि हे नव्वद दिवस जवळजवळ सारखेच आहेत. ट्रक उभा राहिला, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात :

1. आदेशापूर्वी बाजू मांडण्याची संधी मिळते; ती दवडू नये. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते.

2. अपात्रतेच्या काळात स्वतः वाहन चालवू नये. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात घडल्यास विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होण्याचा धोका असतो.

3. मनाई चालकाला असते, ट्रकला नव्हे. योग्य लायसन्स असलेला दुसरा चालक नेमून वाहतूक चालू ठेवावी. त्याचे लायसन्स मात्र आधी पडताळावे, कारण अपात्र व्यक्तीच्या हाती वाहन देणारा मालकही दंडास पात्र ठरतो.

4. निलंबनानंतरचे उजळणी प्रशिक्षण वेळेत पूर्ण करावे.

5. हप्ता थकण्यापूर्वीच शाखेशी बोलावे.

जादा टनामागे मिळणारे भाडे एका खेपेचे असते; लायसन्स गेल्यास बुडणारे भाडे तीन महिन्यांचे असते. माल भरतानाच हा हिशेब मांडलेला बरा.